कोपऱ्यातलं एक मिनिट

२ जून

आजपासून काम सुरू. चाळीस मिनिटांचा एक श्राव्य भाग करायचा, विषय बॉक्सिंग ट्रेनर एडी फच. लिहिणं आणि वाचणं माझ्याकडे, संपादन ताईकडे, ध्वनिमुद्रण तिच्या ओळखीतल्या एका मित्राकडे. प्रसारणाची तारीख ९ ऑगस्ट, कारण १९११ साली त्याच दिवशी मिसिसिपी राज्यात फचचा जन्म झाला. म्हणजे दोन महिने आणि वर एक आठवडा. भरपूर आहे, असं आज तरी वाटतंय.

तात्पुरतं शीर्षक लिहून टाकलं: ‘एडी फचकडून शिकण्यासारख्या दहा गोष्टी’. ताईनं वाचलं आणि म्हणाली, “दहाच का? अकरावी शिकवायला त्याला वेळ मिळाला नाही वाटतं?” तिला टोमणे मारायला कारण लागत नाही. शीर्षक तूर्त राहू दे.

फचच का, तर अँजेलो डंडी आणि कस डमाटो या दुसऱ्या दोन नामवंत ट्रेनरांवर बोललेलं मुबलक आहे. दोघेही बोलके, त्यांची वाक्यं छापायला सोपी. फच कमी बोलायचा. मला वाटलं, कमी बोलणाऱ्या माणसाची दहा वाक्यं शोधणं सोपं जाईल. (हे वाक्य नंतर वाचून हसू येणार आहे, तरी खोडत नाही.)

सुरुवातीचा परिच्छेद तयार: मुहम्मद अलीला व्यावसायिक कारकिर्दीत पाच जणांनी हरवलं. फ्रेझियर, नॉर्टन, लिऑन स्पिंक्स, होम्स, बर्बिक. स्पिंक्स सोडून बाकी चौघं फचच्या हाताखालून गेलेले.

५ जून

पहिलाच परिच्छेद दुरुस्त करावा लागला. वाक्य खरं आहे, पण ऐकणाऱ्याला वाटेल की चारही वेळा फच कोपऱ्यात उभा होता. तसं नाही. ऑक्टोबर १९८०मध्ये लॅरी होम्सनं थकलेल्या अलीला हरवलं तेव्हा होम्सचा ट्रेनर वेगळा होता. होम्स फचकडे त्यानंतर आला. १९७१मध्ये फ्रेझियर जिंकला तेव्हा मुख्य ट्रेनर यँक डरहम, आणि फच त्याचा मदतनीस. पूर्णपणे फचचा म्हणावा असा विजय एकच, १९७३चा नॉर्टनचा.

‘चौघांना तयार केलं’ हे वाक्य सगळीकडे इतकं बेफिकीर फिरवलं जातं की ते म्हणताना मलाही मजा येत होती. आता ‘कधी ना कधी शिकवलं’ असं केलंय. वजन उतरलं वाक्याचं. चालेल.

९ जून

बालपणाचा भाग. कुटुंब मिसिसिपीहून डेट्रॉइटला आलं तेव्हा फच लहान होता. ब्लॅक बॉटम नावाच्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढला. ओढ बास्केटबॉलची. बॉक्सिंगकडे वळला तो विशीच्या उंबरठ्यावर, ब्रूस्टर रिक्रिएशन सेंटरमध्ये. तिथंच त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असा एक मुलगा सराव करत होता, जो लुई, जो १९३७मध्ये हेवीवेट विश्वविजेता झाला आणि १९४९पर्यंत राहिला. फच लाइटवेट. अंगानं निम्म्याला थोडा जास्त. तरी लुई त्याला सरावासाठी रिंगमध्ये बोलवायचा, कारण एवढ्या चपळ माणसावर ठोसा लागला तर कुणावरही लागेल.

कल्पना करून पाहिली: आपल्यापेक्षा कितीतरी जड माणसाचे हात चुकवायचेत आणि तो माणूस जो लुई आहे. तिथं धैर्य फारसं कामाला येत नाही. लुईचा खांदा हलला की हात कुठं जाणार, हे आधी कळलं तरच संध्याकाळी जेवता येईल. फचनं पुढं जन्मभर जे केलं त्याची शाळा ही असावी असा माझा कयास. मसुद्यात ‘कयास’ हा शब्द ठेवलाय.

१९३३मध्ये त्यानं डेट्रॉइटची गोल्डन ग्लोव्हज स्पर्धा जिंकली. व्यावसायिक व्हायच्या वेळी वैद्यकीय तपासणीत हृदयात मर्मर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) निघाली आणि दोराच्या आतलं दार बंद झालं. मग तो दोराच्या बाहेर उभा राहिला तो साठ वर्षांहून जास्त. पहिला विश्वविजेता घडवला डिसेंबर १९५८मध्ये, वेल्टरवेट डॉन जॉर्डन. तोवर फच सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता.

ताईचा शेरा समासात: “पंचवीस वर्षं काहीच नाही? ते सांग की.” सांगण्यासारखं कुणी लिहून ठेवलेलं फार नाही, हीच अडचण. मुलं येतात, शिकतात, निघून जातात, चांगली असली तर मोठा मॅनेजर घेऊन जातो. या पंचवीस वर्षांना मी चार वाक्यं दिली आहेत.

१४ जून

भाषेची बैठक. दोन तास एका शब्दावर गेले.

शब्द ‘पंच’. मराठीत निकाल देणारा तो पंच आणि बॉक्सिंगमध्ये मारतात तोही पंच. छापलं तर संदर्भानं चालून जातं. कानाला मात्र गोंधळ. माझ्या मसुद्यात शब्दशः असं होतं: ‘तिसऱ्या राउंडमध्ये पंचांना तो पंच दिसलाच नाही.’ ताई हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. ठरलं: मारतात तो ठोसा. रिंगमधला तो रेफरी. गुण लिहिणारे ते जज.

जॅब, हूक, अपरकट तसेच ठेवायचे. जॅबला ‘सरळ ठोसा’ म्हणून पाहिलं, पण उजव्या हाताचा सरळ ठोसाही असतोच. जॅब म्हणजे पुढच्या हातानं, थोडक्यात, परत आणायच्या बोलीवर मारलेला. हे एकदा समजावून सांगायचं आणि पुढं शब्द वापरत राहायचं.

ट्रेनरला ‘वस्ताद’ म्हणावं का? मोह झाला. पण वस्ताद म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं लाल माती येते, आणि इथं कॅनव्हास हवा. ‘कॉर्नर’साठी मात्र ‘कोपरा’ छान बसला. रिंग चौकोनी, त्याला चार कोपरे, त्यातला एक आपला. ‘कोपऱ्यात घेणं’ हा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच, फक्त इथं कोपरा हे विसाव्याचं ठिकाण.

२० जून

८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अली आणि फ्रेझियरची पहिली लढत. चित्रफीत तिसऱ्यांदा पाहिली. या वेळी फक्त अलीचा उजवा हात. बाकी सगळं दुर्लक्षून एकच हात पाहायचा, हे ठरवायला सोपं, करायला महाकठीण. दर दहा सेकंदांनी नजर फ्रेझियरच्या डोक्याकडे जाते, कारण ते सारखं खाली-वर होत असतं.

फचनं हेरलेली गोष्ट अशी. फ्रेझियर कमरेतून वाकून, डुलत आत शिरायचा. असा माणूस समोर आला की उंच बॉक्सर अपरकट मारणारच, खालून वर, हनुवटीवर. पण अली तो नीट मारत नसे. गुडघे वाकवून, कोपर अंगाशी ठेवून मारायचा, तर तो उभ्या उभ्याच उजवा हात खाली सोडायचा आणि मग वर उचलायचा. हात खाली गेला त्या क्षणी उजवा गाल उघडा. फ्रेझियरचं हत्यार डावा हूक, म्हणजे बाजूनं वळून नेमका त्याच गालावर येणारा. म्हणून सांगणं एवढंच: त्याचा उजवा खाली जाताना दिसला की डोळे मिटून डावा सोड.

पंधराव्या राउंडच्या सुरुवातीला अली जमिनीवर पाठीवर पडला, पायातले लाल गोंडे हवेत. तो हूक सगळ्यांनी पाहिलेला असतो. मी आज त्याच्या आधीचा अर्धा सेकंद पुन्हा पुन्हा पाहिला. उजवा हात कमरेकडे जातो, जणू खिशातून काही काढायचंय. बस, तेवढंच. नेहमीच्या वेगानं पाहिलं तर दिसतही नाही.

टीप: श्राव्य माध्यमात हे कसं दाखवणार? मी ऐकणाऱ्यालाच उभं करणार आहे. “उजवी मूठ गालाला लावा. आता ती खाली आणून वर न्या. गाल किती वेळ मोकळा राहिला?” ताईनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून करून पाहिलं. म्हणाली, “अय्या, खरंच की.” ठेवलं.

२३ जून

नॉर्टनचा भाग. एका बैठकीत झाला, कारण गोष्ट मुळातच नेटकी आहे.

३१ मार्च १९७३, सॅन डिएगो. केन नॉर्टन म्हणजे पूर्वीचा मरीन सैनिक, फ्रेझियरचा सरावातला जोडीदार. त्याला कुणी हिशेबातही धरलेलं नव्हतं. फचचं निरीक्षण या वेळीही अलीच्या उजव्याच हाताचं, पण वेगळ्या क्षणाचं. अली डाव्यानं जॅब मारतो तेव्हा त्याचा उजवा हात चेहऱ्यासमोर नसतो, म्हणजे समोरून येणारा जॅब अडवायला तिथं कुणी नाही. एरवी अलीला काही होत नसे, कारण त्याचा जॅब आला की लोक मागे सरकत. फचनं नॉर्टनला सांगितलं, मागे सरकायचं नाही. उजवा पंजा हनुवटीपाशी, त्यात त्याचा जॅब झेलायचा आणि त्याच वेळी पाऊल पुढं टाकून आपला जॅब मारायचा. दोघांचे जॅब एकाच वेळी निघतील. तुझ्या चेहऱ्यासमोर हात आहे, त्याच्या नाही.

बारा राउंड, विभागलेला निकाल, नॉर्टन विजयी. अलीचा जबडा मोडलेला.

दोन माणसं, दोन वेगळ्या चाली, आणि दोन्ही अलीच्या एकाच हाताकडे पाहून बेतलेल्या. फ्रेझियरला जॅबचं काम सांगितलं नाही, तो बुटका आणि आखूड हाताचा. नॉर्टनला वाकून आत जायला सांगितलं नाही. हे वाक्य माझ्या दहा गोष्टींत कुठं बसवू? ‘प्रत्येकाला त्याच्या अंगाप्रमाणे शिकवा’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या सुविचारासारखं दिसत होतं.

३० जून

आज प्रयोग केला. नोंद सविस्तर ठेवतो, कारण बहुधा सगळा भाग यावरच उभा राहणार.

दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट असतं. पण ट्रेनरला साठ सेकंद मिळत नाहीत. बॉक्सर चालत येतो, स्टुलावर बसतो, तोंडातला गार्ड काढून धुवायचा, पाणी, थुंकणं, श्वास. डोळ्याखाली सूज असेल तर थंडगार लोखंडी पट्टी दाबायची, चीर असेल तर ॲड्रेनलिनमध्ये भिजवलेला बोळा, वर व्हॅसलिन. दहा सेकंद उरले की इशारा होतो, गार्ड परत तोंडात, स्टूल बाहेर. मध्ये बोलण्याजोगे उरतात ते पंचवीस-तीस सेकंद. त्यात समोरच्याच्या कानात स्वतःच्याच रक्ताचा आवाज.

ताईला म्हटलं, “तू तीन मिनिटं दोरीच्या उड्या मार. मग मी तुला सूचना देतो, त्या तू नंतर मला सांगायच्या.” ती पंचेचाळीसची आहे, पण हट्टी. तीन मिनिटं पुरी केली, चेहरा लालबुंद. स्टूल पुढं केलं. घड्याळ लावलं. मी फचच्या थाटात, हळू आवाजात सहा गोष्टी सांगितल्या: हात वर, डावीकडे फीर, जॅब दुहेरी मार, अंगावर मार, दोराला टेकू नकोस, श्वास नाकानं घे.

एक मिनिटानं पुन्हा तीस सेकंद उड्या. मग विचारलं, “काय काय सांगितलं?”

“श्वास,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, “आणि तुझ्या शर्टाचं एक बटण तुटलंय.”

दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट सांगितली, दोनदा, तीच तशीच्या तशी: “डावीकडे फीर. फक्त डावीकडे.” ती अख्खी बरोबर परत आली.

ध्वनिमुद्रण करणारा मित्र कोपऱ्यात बसून सगळं टिपत होता. ताईची धाप त्यानं जपून ठेवली आहे. म्हणतो, ही धाप कुठल्याही नटाकडून मिळणार नाही.

६ जुलै

‘दहा गोष्टी’ रद्द. तीस तारखेनंतर त्या यादीकडे पाहवेना. जो माणूस मिनिटाला एकच गोष्ट सांगत होता, त्याची दहा सुभाषितं करून एका दमात वाजवायची म्हणजे त्याच्यावरच अन्याय. नवं शीर्षक ‘कोपऱ्यातलं एक मिनिट’. ताई काही बोलली नाही, म्हणजे तिला आवडलं.

यादीतून वाचलेल्या दोन गोष्टी, गोष्टी म्हणूनच ठेवतोय.

पहिली फ्रेडी रोचची. रोच फचकडे लढायचा. प्रतिक्षिप्तता मंदावलेली दिसली तेव्हा फचनं त्याला थांबायला सांगितलं. रोचनं ऐकलं नाही, फचला सोडून आणखी काही लढती लढला, बहुतेक हरला आणि १९८६मध्ये थांबला. पुढं त्याला पार्किन्सन्सचा आजार झाला. मला थांबवणारा भाग त्यानंतरचा. रोच परत फचच्या जिममध्ये येऊ लागला, मदत म्हणून, सुरुवातीला पगाराशिवाय, आणि फचनं त्याला येऊ दिलं. शिकवायला तो तिथं शिकला. मॅनी पॅकियाओचा ट्रेनर म्हणून जगाला माहीत झाला तो हाच.

दुसरी रिडिक बोची. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवलेला, अंगात कला ठासून, पण आळशी म्हणून बदनाम. फच तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा. असं सांगतात की त्यानं रिडिकला रीनो शहरात सरावाला बोलावलं आणि एक दिवस म्हणाला, उद्या मी गावात नाही, तुझं तू धाव. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत म्हातारा रस्त्याकडेला लपून बसला. बो धावत आला. मग फचनं त्याला घेतलं. १३ नोव्हेंबर १९९२ला बोनं इव्हँडर होलीफील्डला हरवून विश्वविजेतेपद मिळवलं, तेव्हा कोपऱ्यात एक्क्याऐंशी वर्षांचा फच होता. पुढं बोचं वजन आणि शिस्त दोन्ही सुटत गेलं आणि फच बाजूला झाला. मला ही गोष्ट लपण्यासाठी आवडते. रिडिकला प्रश्न विचारून उत्तर ऐकण्यात त्याला रस नव्हता.

१५ जुलै

मनिला, म्हणजे अली आणि फ्रेझियरची तिसरी लढत. याला निम्मा वेळ द्यायचा असं पहिल्या दिवसापासून मनात होतं. आज मात्र लढतीच्या आधीच्या दिवसांतच अडकलो, आणि बरं झालं.

अली आणि फ्रेझियरची दुसरी लढत जानेवारी १९७४ची. तोवर डरहम वारला होता आणि फ्रेझियर पूर्णपणे फचकडे आला होता. त्या लढतीत अली फ्रेझियरची मान मागून धरायचा, डोकं खाली दाबायचा, हात गुंतवायचा, आणि रेफरी पाहत राहायचा. आत शिरून मारणाऱ्या बॉक्सरची मान धरली की त्याचं दुकानच बंद. फचनं नंतर चित्रफीत लावून ते प्रकार एकेक करून मोजले.

मनिलाला पोहोचल्यावर तो भांडला ते रेफरीवरून. ठरत असलेला अमेरिकन रेफरी त्याला नको होता. त्यानं तिथल्या अधिकाऱ्यांपुढं मुद्दा मांडला की एवढी मोठी लढत तुमच्या देशात होतेय, तर रेफरी तुमचाच का नसावा? त्यांना पटलं. कार्लोस पाडिया नेमला गेला आणि त्यानं अलीला मान धरू दिली नाही. तिसरी लढत जी झाली ती झाली, याचं एक कारण त्या खोलीतल्या बैठकीत आहे, जिथं एकही ठोसा मारला गेला नाही.

ताई म्हणते, हे कंटाळवाणं होईल. मी म्हणतो, होणार नाही. अडीच मिनिटं मंजूर.

१९ जुलै

१ ऑक्टोबर १९७५. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत सकाळी पावणेअकराला. अरानेटा कोलिझियम खच्चून भरलेलं, उकाडा, वर दिव्यांची धग. राउंड पंधरा ठरलेले.

चौदा राउंडांचं वर्णन मी करणार नाही. केलं होतं, सात पानं, फाडली. एवढंच ठेवलं: सुरुवातीचे राउंड अलीचे, मधले फ्रेझियरचे, शेवटचे पुन्हा अलीचे. तेराव्यात फ्रेझियरचा गार्ड तोंडातून उडून प्रेक्षकांत गेला. उजवा डोळा सुजून मिटत चाललेला. आणि डाव्या डोळ्यानं त्याला मुळातच नीट दिसत नव्हतं, हे त्यानं वर्षानुवर्षं लपवलेलं होतं आणि बऱ्याच नंतर उघड सांगितलं. म्हणजे अलीचा उजवा हात येताना त्याला दिसतच नव्हता. तोच उजवा हात, ज्याच्याकडे बघ म्हणून फचनं त्याला चार वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

चौदाव्यानंतर फचनं थांबवलं. फ्रेझियर नको नको म्हणत होता. फच म्हणाला ते वाक्य सांगणाऱ्यागणिक एखाद्या शब्दानं बदलतं, पण गाभा एकच: बस, पोरा, संपलं. आज तू इथं जे केलंस ते कुणी विसरणार नाही.

या वाक्यातल्या इंग्रजी ‘सन’साठी (son) काय वापरावं यावर पुन्हा बैठक. फ्रेझियर एकतीस वर्षांचा, फच चौसष्टचा. ‘बेटा’ सिनेमातला वाटतो. ‘मुला’ म्हटलं की परीकथेतली म्हातारी बोलू लागते. ‘बाळा’ जवळचं, पण जो फ्रेझियरला बाळा? शेवटी ‘पोरा’.

तेव्हा तिन्ही जजांच्या गुणांच्या कागदांवर अली पुढं होता, त्यामुळे पंधराव्यात फ्रेझियरला अलीला झोपवावंच लागलं असतं. दुसरीकडे, अलीच तेव्हा उठायला तयार नव्हता, हातमोजे कापा म्हणत होता, अशीही कथा लोक रंगवून सांगतात. मसुद्यातून काढली. ती खरी असो वा नसो, फचला समोरचा कोपरा ऐकू येत नव्हता. त्याला एक मिटलेला डोळा दिसत होता. रिंगमध्ये मरताना माणसं त्यानं पाहिलेली होती.

तो पंधरावा राउंड कुणीच पाहिला नाही. आता तो असतही नाही. नोव्हेंबर १९८२मध्ये दुक कू किम हा कोरियन बॉक्सर लढतीनंतर मरण पावला, त्यानंतर जागतिक बॉक्सिंग कौन्सिलनं विजेतेपदाच्या लढती बारा राउंडांवर आणल्या, इतर संघटना दशक संपेपर्यंत मागोमाग आल्या.

रात्री ताईनं विचारलं, “तुझ्या त्या लढतीचं घालणार आहेस का यात?” मी नाही म्हटलं. कॉलेजात असताना दुसऱ्या राउंडमध्ये सरांनी माझ्यासाठी टॉवेल टाकला होता, म्हणजे माझ्या वतीनं हार मानून लढत थांबवली होती. मी उभा होतो, पडलो नव्हतो. वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही, मग खेळच सोडला. वीस वर्षं झाली. ते या भागात नको.

२७ जुलै

सरांना फोन केला. निमित्त तांत्रिक: कोपऱ्यातल्या मिनिटाबद्दल त्यांचं म्हणणं हवं होतं.

“सर, एका मिनिटात काय सांगायचं हे तुम्ही कसं ठरवायचात?”

“मिनिटात नाही ठरवायचं. राउंड चालू असतानाच ठरवायचं. दुसरं मिनिट संपेपर्यंत वाक्य तयार पाहिजे. तिसऱ्या मिनिटात काही वेगळं दिसलं तर बदलायचं. स्टूल ठेवल्यावर जो विचार करायला लागतो तो ओरडतो.”

हे शब्द जसेच्या तसे घेतोय, परवानगी घेतली.

मग मी विचारलंच. “सर, तुम्ही माझ्यासाठी टॉवेल टाकला होतात, आठवतं का?”

“कधी रे?”

मी स्पर्धा सांगितली, साल सांगितलं, समोरच्या मुलाच्या पँटचा रंगही सांगितला. पलीकडे शांतता. मग म्हणाले, “नाही बुवा. मी तसे बरेच टाकलेत.” थोडं थांबून, “तू तो ना, जॅब मारून हात परत आणताना खाली सोडायचास? छातीपर्यंत यायचा. दोन वर्षं सांगून थकलो.”

फोन ठेवल्यावर आरशासमोर उभा राहिलो. जॅब मारला. हात छातीपर्यंत आला.

३ ऑगस्ट

ध्वनिमुद्रण पूर्ण. दोन दिवस लागले. मनिलाच्या ठिकाणी एक गोष्ट वेगळी केली: चौदाव्यानंतरचं मिनिट खऱ्या वेळात ठेवलं. घंटा, पावलं, पाणी, ताईची तीस जूनची धाप, मग फचचं वाक्य, आणि त्यानंतर उरलेलं मिनिट रिकामं. ताईला चार सेकंद शांतता पुरेशी वाटत होती. लोकांना वाटेल फोन बंद पडला, असं तिचं म्हणणं. वाद झाला. मित्रानं निवाडा माझ्या बाजूनं दिला, पण शांततेखाली खोलीचा हलका आवाज राहू द्यायच्या अटीवर.

सरांचा फोन कुठं घालायचा? घातला, टॉवेलचा भाग वगळून. मग संध्याकाळी टॉवेलचा भागही घातला. दोन मिनिटं वाढली.

८ ऑगस्ट, रात्र

शेवटची फाईल ऐकली आणि डोकं फिरलं. फच म्हणतो, कुणी विसरणार नाही, आणि अर्ध्या सेकंदात मी आनंदानं जागतिक बॉक्सिंग कौन्सिलची माहिती द्यायला लागतो. सॉफ्टवेअरमध्ये लांब शांतता आपोआप कापण्याचा पर्याय चालू राहिला होता. अख्ख्या भागातली प्रत्येक थांबण्याची जागा गायब. सगळा भाग घाईला आलेल्या माणसानं सांगितल्यासारखा. मित्राला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, उद्या दुपारपर्यंत होणार नाही, उगीच बोलू नकोस.

९ ऑगस्ट चुकणार. फचचा मृत्यू २००१मध्ये, ऑक्टोबरच्या १० तारखेला, नव्वदाव्या वर्षी. ताई म्हणाली, मग त्या दिवशी टाकू. मी नाही म्हटलं. एवढे दिवस ही फाईल माझ्याकडे राहिली तर मी तिची पुन्हा यादी करून ठेवीन.

१० ऑगस्ट

सकाळी नऊला प्रसारित. त्रेचाळीस मिनिटं. शांतता जागेवर.

सरांना दुवा पाठवला होता. दुपारी त्यांचा निरोप आला, एकच ओळ: “स्टॉपवॉच लावून ऐकलं. मिनिट छप्पन्न सेकंदांचं भरलं.”

फाईल परत उघडली. बरोबर आहे. चार सेकंद कमी आहेत.